सिग्नल तुटतानाची नोंद: आर्विदास क्लिओरे आणि ग्रहांची वातावरणं

सूर्य क्षितिजाला टेकलेला आपण पाहतो, तेव्हा भूमितीच्या हिशेबाने तो मावळून गेलेला असतो. हवेच्या जाड थरातून तिरका येणारा प्रकाश सुमारे अर्ध्या अंशाने वाकतो. सूर्यबिंबाची आकाशातली रुंदीही जवळपास तेवढीच. त्यामुळे क्षितिजाखाली गेलेलं अख्खं बिंब आपल्याला अजून वरच दिसत राहतं. प्रकाश किती वाकणार, हे हवा किती दाट आहे यावर ठरतं. मग हा हिशेब उलटाही मांडता येईल. किरण किती वाकला ते मोजायचं आणि त्यावरून हवेची घनता काढायची. आणि ती हवा दुसऱ्या ग्रहाची असेल, जिथे अजून कुणी उतरलेलंच नाही, तर?

आर्विदास क्लिओरे यांनी या एका प्रश्नावर जवळजवळ पन्नास वर्षं काम केलं. १९३५ साली लिथुआनियातल्या कौनास शहरात त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ते कुटुंबासह अमेरिकेत आले, विद्युत अभियांत्रिकी शिकले आणि १९६२ मध्ये ‘नासा’च्या कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत रुजू झाले. मंगळ, शुक्र, गुरू, शनी आणि त्यांचे चंद्र अशा कितीतरी ठिकाणच्या हवेची पहिलीवहिली मोजमापं त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून झाली. २०१४ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाचं काम सुरूच होतं. त्या यानाच्या रेडिओ विज्ञान गटाचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. तरी त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. यानांनी काढलेली छायाचित्रं लोकांच्या लक्षात राहतात. एखाद्या वक्ररेषेतून काढलेलं तापमान कुणी भिंतीवर लावत नाही. मला मात्र त्या वक्ररेषा छायाचित्रांइतक्याच थक्क करणाऱ्या वाटतात.

गोष्ट सुरू होते मरिनर ४ या अमेरिकन यानापासून. हे यान २८ नोव्हेंबर १९६४ रोजी निघालं आणि १४-१५ जुलै १९६५ च्या सुमारास मंगळाजवळून गेलं. पृथ्वीशी बोलण्यासाठी त्यावर साधारण १० वॉटचा रेडिओ ट्रान्समीटर होता. मंगळ तेव्हा इतका दूर होता की सिग्नल पृथ्वीवर यायला १२ मिनिटं लागत. यानाने २१ पूर्ण छायाचित्रं घेतली आणि बाविसावं अर्धवट. माहिती पाठवण्याचा वेग सेकंदाला आठ बिटांच्या आसपास असल्यामुळे एकेक छायाचित्र यायला आठ-आठ तास लागले. त्यांत चंद्रासारखी विवरं दिसली आणि जगभर त्याच्याच बातम्या झाल्या.

पण छायाचित्रं घेऊन झाल्यावर दीडेक तासाने आणखी एक गोष्ट घडली होती. यानाचा मार्ग असा निवडला होता की पृथ्वीवरून पाहता ते मंगळाच्या मागे जावं. चंद्र एखाद्या ताऱ्याला झाकतो त्याला आपण पिधान म्हणतो, तसंच हे यानाचं पिधान. काही मिनिटं सिग्नल मंगळाच्या कडेला घासून, त्याच्या हवेतून पृथ्वीकडे येणार होता. मग ग्रहाचा खडक आड येऊन तो तुटणार, आणि पाऊण-एक तासाने यान दुसऱ्या बाजूने बाहेर आल्यावर पुन्हा सुरू होणार. यासाठी यानावर एकही वेगळं उपकरण बसवलेलं नव्हतं. यानाशी बोलायची यंत्रणा हेच मोजायचं उपकरण. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतले क्लिओरे, डॅन केन आणि त्यांचे सहकारी, तसंच स्टॅनफर्ड विद्यापीठातले व्हॉन एशलमन आणि गुन्नार फिएल्डबो, अशा दोन ठिकाणच्या लोकांनी मिळून हा प्रयोग केला.

आता मोजायचं काय होतं, ते नीट पाहू. पृथ्वीवर समुद्रसपाटीला हवेतून जाणारी रेडिओ लहर पोकळीतल्यापेक्षा दहा लाखांत सुमारे ३०० भागांनी मंद होते. मंगळाच्या पृष्ठभागाजवळ हाच आकडा निघाला दहा लाखांत साडेतीनच्या आसपास. इतक्या विरळ हवेतून गेलेला किरण एका अंशाच्या शंभराव्या भागाएवढाच वाकतो. कुठल्याही दुर्बिणीने हे वाकणं ‘पाहता’ आलं नसतं. पण वाकल्यामुळे किरणाचा प्रवास थोडा लांबतो आणि वाटेत तो थोडा मंदही होतो. दोन्ही मिळून पडणारा फरक मंगळासाठी फक्त दीड-दोन मीटरचा, आणि तोही वीस कोटी किलोमीटरहून जास्त प्रवासात.

दोन मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण मरिनरच्या रेडिओ लहरीची लांबी होती सुमारे १३ सेंटिमीटर. दोन मीटरच्या फरकात अशा लहरींचे दहा-पंधरा फेरे सहज मावतात आणि रेडिओ अभियंत्यांना फेरे मोजता येतात. लहर येतच असते, तिचे चढउतार एकामागून एक मोजायचे. यान, मंगळ आणि पृथ्वी यांची गती आधीच माहीत असते, त्यामुळे डॉप्लर परिणामाने, म्हणजे एकमेकांजवळ येण्याने किंवा दूर जाण्याने, वारंवारता कितीने सरकायला हवी याचा हिशेब तयार असतो. प्रत्यक्षात आलेल्या वारंवारतेतून तो वजा केला की जे उरतं ते मंगळाच्या हवेचं काम. मरिनर ४ मध्ये उरलेला फरक होता काही हर्ट्झचा, आणि मूळ वारंवारता होती सेकंदाला २.३ अब्ज कंपनांची. त्यामुळे या प्रयोगात निम्मं श्रेय घड्याळांचं आहे. लहरीचा ताल ज्या स्थिर घड्याळावर बेतलेला असतो तेच डगमगलं, तर हवेचा परिणाम कोणता आणि घड्याळाची चूक कोणती हे ओळखता येणार नाही.

पुढचा टप्पा गणिताचा. यान ग्रहाच्या कडेआड जाऊ लागतं तसा किरण अधिकाधिक खालच्या थरांतून जातो. सगळ्यात वरून गेलेला किरण एकाच थराबद्दल सांगतो. त्याखालचा किरण दोन थरांतून जातो, पण वरच्याचा हिशेब आधीच झालेला असल्याने तो वजा करता येतो. असं करत करत पृष्ठभागापर्यंत उतरता येतं. या उकलीचं गणित नील्स हेन्रिक आबेल या नॉर्वेच्या तरुण गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं होतं, आणि भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीच्या पोटाचा अंदाज घेणाऱ्यांनी ते आधीच वापरात आणलं होतं. त्यातून प्रत्येक उंचीवरची हवेची घनता मिळते. उंचीबरोबर घनता किती झपाट्याने घटते ते पाहिलं की तापमान काढता येतं, कारण गरम हवा जास्त उंचीपर्यंत पसरते आणि थंड हवा तळाशी दबून राहते. घनता आणि तापमान कळलं की दाब आलाच.

इथे एक अडचण आहे, आणि क्लिओरे यांची कारकीर्द समजून घ्यायची तर ती विसरून चालणार नाही. हवा कोणत्या वायूची आहे हे रेडिओ लहर सांगत नाही. तो वायू आपण गृहीत धरायचा असतो. ग्रहाचा आकार, हवेची सगळ्यात वरच्या टोकाची स्थिती, घड्याळाची चाल, सगळंच काही ना काही गृहीत धरलेलं असतं. अखेर हाती येणारा आकडा या गृहीतकांवर उभा असतो. पन्नास वर्षं या माणसाने जे केलं त्याचा मोठा भाग कुठल्या गृहीतकावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवण्याचाच होता, असं माझं मत आहे.

मंगळाच्या बाबतीत उत्तर धक्का देणारं होतं. त्याआधी मंगळावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करून तिथला दाब ८५ मिलिबारच्या आसपास मानला जात असे. पृथ्वीवर तो सुमारे १०१३ मिलिबार असतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्णपटाच्या, म्हणजे रंगारंगांत विभागलेल्या प्रकाशाच्या, अभ्यासातून तो २५ पर्यंत खाली आला, तोही मोठ्या अनिश्चिततेसह. मरिनर ४ च्या सिग्नलवरून आकडा निघाला ४ ते ७ मिलिबारच्या दरम्यानचा. पृथ्वीवर एवढा कमी दाब सुमारे ३५ किलोमीटर उंचीवर सापडतो. क्लिओरे हे पहिले लेखक असलेला हा निष्कर्ष सप्टेंबर १९६५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आला.

या एका आकड्याने बरंच काही उलटंपालटं झालं. मंगळावर कार्बन डायऑक्साइड साधारण किती आहे हे वर्णपटावरून आधीच कळलेलं होतं. बाकीची हवा नायट्रोजनची असेल असं धरलं जाई. एकूण दाबच इतका कमी निघाल्यावर ‘बाकीची’ हवा जवळपास उरलीच नाही. मंगळाची हवा म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच. मग पुढच्याच वर्षी रॉबर्ट लेटन आणि ब्रूस मरी यांनी मांडलं की मंगळाच्या ध्रुवांवरचा पांढरा थर गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असावा, आणि ऋतूंनुसार हवाच ध्रुवांवर गोठते आणि पुन्हा उडून जाते. यानं उतरवणाऱ्यांनाही आपले आराखडे बदलावे लागले. एवढ्या विरळ हवेत नुसत्या पॅराशूटवर भिस्त ठेवून जड यान सुखरूप उतरत नाही. १९७६ मध्ये व्हायकिंग यानं उतरली तेव्हा शेवटच्या टप्प्यात त्यांना वेग मारण्यासाठी रॉकेटं वापरावी लागली.

दोन वर्षांनी शुक्राची पाळी आली, आणि हा प्रसंग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडतो. १८ ऑक्टोबर १९६७ रोजी सोव्हिएत संघाचं व्हेनेरा ४ शुक्राच्या हवेत शिरलं आणि पॅराशूटने खाली येत दाब-तापमान कळवत राहिलं. दाब पृथ्वीच्या वीसेक पट झाला आणि त्याचा आवाज बंद पडला. यान पृष्ठभागावर पोहोचलं असं सुरुवातीला मानलं गेलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचं मरिनर ५ शुक्राजवळून जाऊन त्याच्या मागे गेलं. त्याच्या सिग्नलवरून काढलेली हवेची मोजमापं ग्रहाच्या केंद्रापासूनच्या अंतरानुसार होती, आणि शुक्राची त्रिज्या पृथ्वीवरून पाठवलेल्या रडारने मोजलेली होती. हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले तर जुळेनात. व्हेनेरा जिथे थांबलं तिथून जमीन आणखी पंचवीसेक किलोमीटर खाली असायला हवी होती! तेवढं खाली उतरेपर्यंत दाब पृथ्वीच्या ७५ ते १०० पट व्हायला हवा होता. १९७० मध्ये व्हेनेरा ७ खरोखरच पृष्ठभागावर उतरलं आणि दाब नव्वदच्या आसपास असल्याचं स्पष्ट झालं. दोन प्रतिस्पर्धी देशांच्या यानांनी एकमेकांची मोजमापं तपासून दिली, आणि त्यांतल्या एकाने तर त्या हवेत पाऊलही टाकलं नव्हतं.

शुक्राने या पद्धतीची सीमाही दाखवून दिली. तिथली खालची हवा इतकी दाट आहे की सुमारे ३५ किलोमीटर उंचीखाली रेडिओ किरणाचं वाकणं ग्रहाच्या गोलाईपेक्षा जास्त होतं. तिथे गेलेला किरण पुन्हा बाहेर पडतच नाही. त्यामुळे पिधानातून शुक्राचा पृष्ठभाग कधीच गाठता येत नाही. त्याखालच्या भागासाठी उतरणारी यानंच लागतात. पुढे पायोनियर व्हीनस यान १९७८ पासून १९९२ पर्यंत शुक्राभोवती फिरलं, तेव्हा क्लिओरे यांच्या गटाला एका-दोन ऐवजी ढीगभर पिधानं मिळाली. ध्रुवांभोवती थंड हवेचा एक पट्टा असल्याचं त्यांतून नीट दिसलं. १९८५ मध्ये शुक्राच्या हवेचा आंतरराष्ट्रीय संदर्भ-आराखडा तयार झाला, त्याच्या संपादकांमध्ये क्लिओरे यांच्याबरोबर सोव्हिएत शास्त्रज्ञ वसिली मोरोझही होते.

मधल्या काळात मरिनर ९ नोव्हेंबर १९७१ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचलं, तेव्हा अख्खा ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला होता. कॅमेऱ्यांना जवळपास काही दिसेना. रेडिओ लहरींना धुळीची अडचण नव्हती, आणि हवेत तापलेली धूळ असल्यामुळे उंचीनुसार तापमान फारसं बदलत नसल्याचं त्यांनी दाखवून दिलं. शिवाय प्रत्येक वेळी सिग्नल नेमका कधी तुटला यावरून त्या ठिकाणची जमीन किती उंच आहे हेही मिळत गेलं. मंगळावर समुद्र नाही, मग उंची कुठून मोजायची? जिथे दाब सरासरी ६.१ मिलिबार असतो ती पातळी शून्य मानायची, असं या काळात ठरलं. हा तोच दाब, ज्याच्याखाली पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही.

आता गुरूकडे वळतो. पायोनियर १० डिसेंबर १९७३ मध्ये आणि पायोनियर ११ वर्षभराने गुरूजवळून गेलं. या पिधानांवरून काढलेलं गुरूच्या हवेचं तापमान अवरक्त किरणांनी मोजलेल्या तापमानापेक्षा शेकडो अंशांनी जास्त आलं. दोन्ही बरोबर असणं शक्य नव्हतं. रेडिओ पद्धतीने मंगळ आणि शुक्रावर इतकं यश मिळवलेलं असताना चूक दुसऱ्या बाजूची आहे असं म्हणणं सोपं होतं. क्लिओरे यांनी तसं केलं नाही. विल्यम हबर्ड आणि डोनाल्ड हंटन यांच्याबरोबर त्यांनी आपलीच पद्धत मुळापासून तपासली, आणि दोष सापडला ग्रहाच्या आकारात.

गुरू दहा तासांपेक्षा कमी वेळात स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे तो विषुववृत्तावर फुगलेला आहे. तिथली त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे ४,६०० किलोमीटरने जास्त आहे. ग्रह गोल धरला की ‘खाली’ म्हणजे केंद्राकडे. फुगलेल्या ग्रहावर मात्र हवेचे थर ज्या दिशेने दाट होत जातात ती दिशा बहुतेक ठिकाणी केंद्राकडे जात नाही, काही अंशांनी बाजूला कलते. किरण त्या कललेल्या दिशेने वाकतो. गणित मात्र तो केंद्राकडे वाकला असं धरून उंची काढतं. कोनातली ही लहानशी चूक थर उकलताना खाली खाली साचत जाते आणि तळाशी शेकडो अंशांची होते. थरांचा खरा आकार धरून हिशेब पुन्हा केला तेव्हा रेडिओ आणि अवरक्त मोजमापं जवळ आली. १९७५ मध्ये हे छापून आलं. तेव्हापासून मोठ्या वायूग्रहांच्या पिधानाचं गणित करताना आकाराचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

त्याच पायोनियर १० ने वाटेत आणखी एक शोध लावला. गुरूचा चंद्र आयो याच्या कडेवरून सिग्नल गेला, तेव्हा तिथे आयनांबर असल्याचं कळलं. ग्रहाच्या हवेच्या वरच्या थरांत सूर्यप्रकाशाने किंवा वेगवान कणांच्या माऱ्याने अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, तो थर म्हणजे आयनांबर. सुट्या इलेक्ट्रॉनमधून जाणारी रेडिओ लहर साध्या हवेतल्यापेक्षा उलट्या बाजूला वाकते, आणि हा परिणाम लांब लहरींवर जास्त, आखूड लहरींवर कमी असतो. म्हणून दोन वेगवेगळ्या लांबीच्या लहरी एकाच वेळी पाठवल्या की हवेचा वाटा आणि इलेक्ट्रॉनांचा वाटा सुटे करता येतात. आयोवर घन सेंटिमीटरला जास्तीत जास्त ६०,००० च्या घरात इलेक्ट्रॉन मोजले गेले. ज्याच्याकडे हवा असेल की नाही याचीच शंका होती अशा चंद्राभोवती काहीतरी वायू आहे, हे त्यातून सिद्ध झालं. आयोवरचे जिवंत ज्वालामुखी दिसायला अजून पाच वर्षं होती.

कॅसिनीवर १३ सेंटिमीटर, ३.६ सेंटिमीटर आणि एक सेंटिमीटरहून थोडी कमी अशा तीन लांबीच्या लहरींची सोय होती. २००५ पासून शनीच्या आयनांबराची मोजमापं मिळू लागली आणि पहाटेच्या बाजूला इलेक्ट्रॉन कमी, संध्याकाळच्या बाजूला जास्त असं चित्र दिसलं. रात्रभर इलेक्ट्रॉन पुन्हा आयनांना, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंना, जाऊन मिळतात आणि दिवसभर सूर्य नवे तयार करतो, हा त्याचा सरळ अर्थ. टायटनचं आयनांबर याच पद्धतीने मोजलं गेलं. शनीची कडी कुठे दाट, कुठे विरळ आणि त्यांतले कण साधारण केवढे, हेही या तीन लहरींच्या तुलनेतून काढता आलं, कारण लहान कण आखूड लहरींना जास्त अडवतात.

त्याआधीचं गॅलिलिओ यानावरचं काम मात्र अजून पुरतं संपलेलं नाही. या यानाची मोठी अँटेना १९९१ मध्ये उघडलीच नाही, त्यामुळे गुरूपाशी पोहोचल्यावर सगळा कारभार लहान अँटेनावर चालला. तरीही क्लिओरे आणि सहकाऱ्यांनी गुरूचा बर्फाळ चंद्र युरोपा याची सहा निरीक्षणं केली. त्यांतल्या पाचांत विरळ आयनांबर सापडलं, घन सेंटिमीटरला सुमारे १०,००० इलेक्ट्रॉनांचं. सहाव्यात सापडलं नाही. हा निकाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. मग २००२ मध्ये कॅलिस्टोचं असंच मोजमाप आलं आणि त्यात एक अट दिसली. गुरूच्या चुंबकीय क्षेत्राबरोबर फिरणारे भारित कण कॅलिस्टोला कायम मागच्या बाजूने गाठतात. ती मागची बाजू सूर्यप्रकाशात असेल तेव्हाच आयनांबर दिसलं. म्हणजे कणांचा मारा बर्फातून वायू उडवून विरळ हवा तयार करत असावा आणि सूर्य तिचे अणू फोडत असावा; दोन्ही एकाच बाजूला आले तरच मोजता येण्याजोगं काही तयार होतं. जूनो यान जून २०२१ मध्ये गॅनिमीडच्या मागून गेलं तेव्हाही एका कडेला इलेक्ट्रॉन दिसले, दुसऱ्या कडेला नाही.

पाच-सहा निरीक्षणांवरून असा नियम पक्का करता येत नाही. प्रत्येक चंद्राची निरनिराळ्या प्रकाशात, गुरूभोवतीच्या निरनिराळ्या जागी अनेक पिधानं हवीत, आणि त्यासाठी यानावरच अतिशय स्थिर घड्याळ हवं. एप्रिल २०२३ मध्ये निघालेल्या युरोपीय अवकाश संस्थेच्या ज्यूस यानावर असं घड्याळ आहे आणि युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो हे तिन्ही चंद्र त्याच्या मार्गावर आहेत. ते गुरूपाशी २०३१ मध्ये पोहोचायचं आहे.